विल साहेबाचा दगड

दोन नोव्हेंबर. भुसावळची दफनभूमी.
भर उन्हात ज्योत दिसतच नाही,
फक्त मेणबत्ती हळूहळू वाकताना दिसते.

फाटकाशी झेंडू विकणारा तोच माणूस,
दिवाळीला आमच्या गल्लीत होता.
उरलेला माल आहे ताई, तो म्हणतो,
पण आतल्यांना काय कळतंय.
मग जीभ चावतो
आणि मूठभर जास्त घालतो.

आई शेवटून तिसऱ्या ओळीत, भिंतीला लागून.
भिंतीपलीकडे यार्ड.
मालगाडी शंटिंगला आली
की बरणीतलं पाणी थरथरतं.
एस्तेर तोताराम भंगाळे,
रेल्वे दवाखान्यात बावीस वर्षं आया.
एवढंच बसलं दगडावर.
अक्षरागणिक पैसे होते.

बाबांच्या नावानं आखाजीला भरलेली घागर
मी आज घेऊन आलेय.
तिच्यातल्या पाण्यानं आईचा दगड धुते.
भटजींना विचारलेलं नाही,
पाद्रीबाबांनाही नाही.

डब्यात कळण्याची भाकरी, कांद्याची पात,
आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं.
आईला तिखट जास्त लागायचं.
फिनेलच्या वासानं माझी जीभ मेलीय, म्हणायची.

बाबा दर वर्षी यायचे.
इथं टोपी काढायची की ठेवायची
हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.
काढायचे, हातात फिरवायचे, पुन्हा घालायचे.
प्रार्थना अर्धीच पाठ होती, भाकरीच्या ओळीपर्यंत.
तिथं थांबून आईला म्हणायचे,
पुढचं तुले येतं, तूच म्हण.

गुडघे दुखले की शेजारच्या दगडावर बसायचे.
रुंद दगड, कधीकाळी पांढरा, बोटीतून आलेला.
नाव उडालंय, नुसतं ‘विल’ उरलंय.
खाली ड्रायव्हर, एकोणीसशे अकरा.
विल्यम असेल, विल्फ्रेड असेल.
त्याच्याकडे कुणी आलेलं
मी तरी पाहिलेलं नाही.

सरक ना विल साहेब, बाबा म्हणायचे,
माह्ये गुडघे गेले.
मी बी लोको शेडचाच. फिटर.
मग त्याला वर्षाच्या बातम्या:
कोण रिटायर झालं, कोणाचं पेन्शन अडलं,
शेडच्या छपरावर किती कबुतरं.
तुह्यं इंजिन आता बागेत उभं केलं,
पोरं चढता त्याच्यावर.
आई ऐकत असेल, असं मला वाटायचं.
तिच्याशी ते थेट बोलायचे नाहीत.
घरीही नाहीच.

बाबा फाल्गुनात गेले.
पंचाहत्तर किलोचा माणूस एका मडक्यात मावला.
चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते तिथं
सोडलं त्यांना.
आता तिथं धरणाचं पाणी पसरलेलं असतं.
पाण्यावर मेणबत्ती कुठं लावायची?
आणि वाहत गेलेला माणूस
नेमका कुठल्या पाण्यात असतो
हे मला सांगता येणार नाही.

आईला चार लावल्या.
एक उरलीय, हातात मऊ पडत चाललीय.

विल साहेबाच्या दगडावर सगळीकडे काळपट थर.
फक्त एका कडेला
बसण्याइतकी जागा स्वच्छ आहे,
धोतर घासून घासून गुळगुळीत.
मी त्या जागेवर मेणबत्ती लावत नाही.
मेण सांडेल.
जरा बाजूला लावते,
आणि झेंडूची दोन फुलं साहेबाच्या अर्ध्या नावावर ठेवते.
एवढी वर्षं जागा दिली त्यानं.

राखणदार सुपडू खराटा टेकवून उभा राहतो.
भरिताच्या वासानं आलाय, लपवत नाही.
टेकणार, तेवढ्यात मी म्हणते, तिथं नको.
तो विचारत नाही का.
खाली मातीत मांडी घालतो,
भाकरीचा मोठा तुकडा मोडतो, चावतो,
भिंतीपलीकडे डबे एकमेकांवर आदळतात,
बरणीतलं पाणी हलतं.

मिरची कमी पडली ताई, सुपडू म्हणतो.

मी आईच्या दगडाकडे बघते.